टोल नाक्यावरील रोखपाल

टोल नाक्यावरील रोखपाल किंवा पथकर वसुली कर्मचारी हा रस्ता, पूल अथवा बोगदा वापरणाऱ्या वाहनांकडून पथकर स्वीकारणारा कर्मचारी होय. दोन मार्गिकांच्या मधोमध उभारलेल्या छोट्या स्वतंत्र कक्षात बसून तो समोर आलेल्या वाहनाचा वर्ग ठरवतो, त्या वर्गाचा दर आकारतो, रक्कम घेऊन पावती व उरलेले पैसे परत देतो आणि अडसर उघडून वाहनास वाट करून देतो. वरकरणी हे काम केवळ पैसे घेण्याचे दिसते. प्रत्यक्षात वाहनाची ओळख पटवणे, सवलतीचा हक्क तपासणे, स्वीकारलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे आणि वाहनचालकांच्या नाराजीला तोंड देणे ही त्याची चार प्रमुख अंगे आहेत.

भारतात २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग ही इलेक्ट्रॉनिक भरणा पद्धत सक्तीची झाल्याने रोख व्यवहार फार कमी झाले. जगातील अनेक रस्त्यांवर व पुलांवर हा व्यवसाय पूर्णतः संपुष्टात आला आहे. जेथे तो टिकून आहे, तेथे रोखपालाकडे मुख्यतः यंत्राला न सुटणारे व्यवहार आणि तंटे येतात.

संज्ञा

मराठीत शासकीय व कायदेविषयक लिखाणात ‘पथकर’ हा शब्द रूढ आहे, तर बोलीभाषेत व वृत्तपत्रांत ‘टोल’ हाच शब्द प्रचलित आहे. वसुलीच्या जागेस ‘पथकर नाका’ किंवा ‘टोल नाका’ म्हणतात. ‘नाका’ हा शब्द पूर्वीपासून जकात वसुलीच्या ठिकाणासाठी वापरला जात असे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत ‘जकात नाका’ हे नाव जकात बंद झाल्यानंतरही बसथांब्याचे वा चौकाचे नाव म्हणून टिकून आहे. रोखपालास सामान्यतः ‘कॅशिअर’ किंवा ‘टोलवाला’ म्हटले जाते. प्रत्येक मार्गिकेवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यावर देखरेख ठेवणाऱ्यास पाळीप्रमुख किंवा सुपरवायझर म्हणतात.

इतिहास

प्राचीन काळ

मार्गावर बसून शुल्क घेणाऱ्या अधिकाऱ्याचे सविस्तर वर्णन कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथात आढळते. त्यातील शुल्काध्यक्ष हा अधिकारी नगराच्या द्वाराजवळ शुल्कशाळा चालवतो. तेथील चार-पाच वसुली कर्मचाऱ्यांनी आलेला व्यापारी कोण, कोठून आला, त्याच्याजवळ माल किती आणि त्यावर ओळखमुद्रा कोठे उमटवली याची नोंद करावी, असे त्यात सांगितले आहे. सीमेवरील अंतपाल हा अधिकारी ‘वर्तनी’ नावाचे मार्गशुल्क घेत असे. मालगाडीस सव्वा पण, एक खूर असलेल्या जनावरास एक पण, गुरास अर्धा पण आणि लहान जनावरास पाव पण असा त्याचा दर होता. वाहनाच्या भाराप्रमाणे दर चढता ठेवण्याचे आजचे तत्त्व त्यात दिसते. वाटेत गहाळ झालेल्या अथवा चोरीस गेलेल्या मालाची भरपाई करण्याची जबाबदारीही अंतपालावर टाकलेली आहे. शुल्क घेणाऱ्याने मार्गाच्या सुरक्षिततेची हमी द्यावी, अशी ही कल्पना होती.

महाराष्ट्रात कोकण आणि जुन्नर यांना जोडणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. घाटाने जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जात असे, अशी परंपरागत समजूत असून घाटाचे नावही त्याच्याशी जोडले जाते. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे.

ब्रिटिश काळ ते विसाव्या शतकाचा शेवट

१८५१ च्या भारतीय पथकर अधिनियमाने सरकारी खर्चाने बांधलेल्या रस्त्यांवर व पुलांवर पथकर बसवण्याचा आणि तो वसूल करण्यासाठी माणसे नेमण्याचा अधिकार शासनास दिला. दरांचा फलक नाक्याजवळ ठळक जागी, इंग्रजीसह त्या जिल्ह्याच्या भाषेत लावला पाहिजे, असे बंधनही त्यात होते. १९०१ च्या स्वतंत्र अधिनियमाने कर्तव्यावर असलेल्या सैनिकांना पथकरातून सूट मिळाली.

शहरांच्या वेशीवरील जकात नाके ही या व्यवसायाची दुसरी शाखा होती. तेथील कारकून वाहनाऐवजी वाहनातील मालावर कर आकारत असत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईतील जकात वसुली थांबली.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ मध्ये १९९५ साली दुरुस्ती होऊन खासगी उद्योजकांना महामार्ग बांधण्याचा आणि त्याचा खर्च पथकरातून वसूल करण्याचा मार्ग खुला झाला. महाराष्ट्रात १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची स्थापना झाली. या महामंडळाने बांधलेला सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये संपूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. त्यावरील खालापूर व तळेगाव येथील नाके महाराष्ट्रातील सर्वाधिक परिचित टोल नाक्यांपैकी आहेत. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावरील प्रकल्पांमुळे पुढील दोन दशकांत टोल नाक्यावरील रोखपाल हा रोजगाराचा एक नवा प्रकार म्हणून देशभर दिसू लागला.

कक्षाची रचना

टोल नाक्यावर रस्ता रुंद करून अनेक मार्गिका केलेल्या असतात. दोन मार्गिकांमध्ये सिमेंटचा लांबट उंचवटा असतो व त्यावर रोखपालाचा कक्ष उभा असतो. वेगाने आलेले वाहन थेट कक्षावर आदळू नये म्हणून उंचवट्याच्या पुढच्या टोकास भक्कम संरक्षक बांधणी केलेली असते. सर्व मार्गिकांवर मिळून एक मोठे छत असते आणि प्रत्येक मार्गिका चालू की बंद हे दाखवणारा हिरवा-तांबडा दिवा त्यावर बसवलेला असतो.

कक्षात एका माणसाला बसता येईल एवढीच जागा असते. सरकती खिडकी, संगणक, वाहनवर्गांची कळपाटी, पावती छापण्याचे यंत्र, पैशांचा खण, पाळीप्रमुखाशी बोलण्याचे यंत्र आणि धोक्याची सूचना देणारे बटण ही त्यातील नेहमीची साधने होत. खिडकीची उंची ही कायमची अडचण असते. मोटारीचा चालक खिडकीच्या खाली असतो, तर ट्रकचा चालक बराच वर. त्यामुळे एकाच पाळीत रोखपालाला शेकडो वेळा वाकावे आणि हात उंच करावा लागतो. एक कॅमेरा वाहनाचे व एक कॅमेरा कक्षातील व्यवहाराचे चित्रण करतो. मोठ्या नाक्यांवर मार्गिकांखालून भुयारी वाट असते. तिच्यातून कर्मचाऱ्यांची ये-जा आणि रकमेची ने-आण वाहतूक न ओलांडता करता येते.

कामाचे स्वरूप

पाळीची सुरुवात

वसुली चोवीस तास चालत असल्याने दिवसाचे सामान्यतः आठ तासांच्या तीन पाळ्यांत विभाजन केलेले असते. पाळीच्या आरंभी रोखपालास सुट्या पैशांची ठरावीक रक्कम मोजून दिली जाते व त्याबद्दल त्याची सही घेतली जाते. स्वतःजवळचे खासगी पैसे बाहेर ठेवणे अथवा त्यांची नोंद करणे हा बहुतेक ठिकाणचा नियम असतो, कारण पाळीच्या अखेरीस त्याच्याजवळ सापडणारी प्रत्येक रक्कम वसुलीचीच मानली जाते. त्यानंतर तो आपल्या क्रमांकाने संगणकात नोंद करतो आणि त्या क्षणापासून मार्गिकेतील प्रत्येक व्यवहार त्याच्या नावावर चढतो.

वाहनवर्ग ठरवणे

राष्ट्रीय महामार्ग शुल्क (दरनिश्चिती व वसुली) नियम, २००८ नुसार पथकर वाहनाच्या वर्गावर व आसांच्या संख्येवर अवलंबून असतो. मोटार, जीप व व्हॅन. हलके व्यावसायिक वाहन व मिनी बस. दोन आसांची बस वा ट्रक. तीन आसांचे व्यावसायिक वाहन. चार ते सहा आसांचे अवजड वाहन. आणि सात वा अधिक आसांचे मोठे वाहन असे त्याचे वर्ग आहेत. चार वा अधिक पदरी रस्त्यासाठी २००७-०८ हे पायाभूत वर्ष धरून मोटारीचा दर किलोमीटरला ६५ पैसे, तर बस व ट्रकचा २ रुपये २० पैसे ठरवण्यात आला. ६० किलोमीटरच्या टप्प्यास या हिशेबाने मोटारीला ३९ रुपये आणि ट्रकला १३२ रुपये येतात. नियमाप्रमाणे रक्कम पाचाच्या पटीत आणल्यावर ती अनुक्रमे ४० व १३० रुपये होते. दर दरवर्षी १ एप्रिलला सुधारले जातात.

चुकीची कळ दाबली गेल्यास होणारा फरक यावरून लक्षात येतो. मिनी बस आणि बस किंवा हलका टेम्पो आणि दोन आसांचा ट्रक यांतील भेद काही सेकंदांत, रात्री दिव्यांच्या झोतात व पावसात करावा लागतो. आसांची संख्या मोजणारे स्वयंचलित वर्गीकरण यंत्र मार्गिकेत बसवलेले असते. त्याचा निष्कर्ष व रोखपालाने दाबलेली कळ यांत फरक पडल्यास तो व्यवहार तपासणीसाठी बाजूला काढला जातो व चित्रफीत पाहून निर्णय होतो.

व्यवहार

वर्ग ठरल्यावर रोखपाल रक्कम सांगतो, नोट तपासतो, पावती व उरलेले पैसे देतो आणि अडसर वर उचलला जातो. एका वाहनास पंधरा सेकंद लागतात असे धरले, तर तासाला २४० आणि आठ तासांत १,९२० वाहने एका खिडकीसमोरून जाऊ शकतात. दर पाचाच्या पटीत असल्याने पाच, दहा व वीस रुपयांची सतत गरज भासते. सुटे पैसे संपले की रांग खोळंबते. सुट्यांऐवजी चॉकलेट देण्याची किरकोळ दुकानांतील प्रथा टोल नाक्यांवरही दिसे आणि ती वादाचे नेहमीचे कारण ठरे. बनावट नोट घाईत स्वीकारली गेल्यास बँक ती जप्त करते व तिचे मूल्य मिळत नाही. म्हणून मोठ्या नोटांची पारख हे या कामातील महत्त्वाचे कौशल्य मानले जाते.

सवलती व सूट

कोणाकडून पथकर घ्यायचा नाही हे ठरवणे रोखीच्या मोजणीपेक्षा अवघड असते. २००८ च्या नियमांनुसार राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री अशा पदाधिकाऱ्यांची वाहने, रुग्णवाहिका, शववाहिका, अग्निशमन वाहने, गणवेशातील सैन्य व पोलीस दलांची वाहने तसेच परमवीरचक्र, अशोकचक्र, महावीरचक्र, कीर्तिचक्र, वीरचक्र व शौर्यचक्र यांचे मानकरी यांना सूट आहे. चोवीस तासांत परत येणाऱ्यास दीडपट रकमेत दुहेरी प्रवास करता येतो. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या अव्यावसायिक वाहनांना सवलतीचा मासिक पास मिळतो.

महाराष्ट्रात याखेरीज प्रासंगिक सवलतीही दिल्या जातात. आषाढी वारीसाठी पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या वाहनांना आणि गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या वाहनांना राज्य शासनाने अलीकडच्या वर्षांत टोलमाफी दिली असून त्यासाठी पास देण्यात येतात. अशा दिवसांत पास तपासण्याचे काम खिडकीवरच होते. ओळखपत्र दाखवणारी व्यक्ती नियमात बसते की नाही, हे रोखपालास तत्काळ सांगावे लागते. नाही म्हटले तर वाद होतो आणि चुकून सोडले तर हिशेबात सूट दिलेले वाहन म्हणून त्याचा खुलासा द्यावा लागतो.

पाळीअखेरचा ताळा

पाळी संपल्यावर रोखपाल आपली रक्कम मोजून वसुली कक्षात भरतो. बहुतेक नाक्यांवर संगणकातील अपेक्षित रक्कम त्याला आधी दाखवली जात नाही. त्याने मोजलेला आकडा लिहून दिल्यावरच दोन्ही आकड्यांचा ताळा घेतला जातो. रक्कम कमी भरल्यास तूट आणि जास्त भरल्यास वाढ अशी नोंद होते. वाढ ही रोखपालाच्या लाभाची नसते. एखाद्या वाहनचालकास कमी पैसे परत गेल्याचे किंवा व्यवहाराची नोंद न झाल्याचे ती लक्षण मानली जाते.

तूट व तिची जबाबदारी

या नोकरीतील सर्वांत नाजूक प्रश्न तुटीचा आहे. दोन नोटा चिकटून जाणे, शंभराऐवजी पाचशेच्या नोटेचे पैसे परत देणे किंवा अडसर तोडून निघून गेलेल्या वाहनाची नोंद राहणे अशा कारणांनी तूट पडते. ती वेतनातून कापण्याची पद्धत रोख हाताळणाऱ्या बहुतेक व्यवसायांत आढळते.

वेतन प्रदान अधिनियम, १९३६ ने अशा कपातीस मर्यादा घातली होती. कर्मचाऱ्याकडे ज्या रकमेचा हिशेब आहे, ती त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे थेट गमावली गेली असेल, तरच कपात करता येते. कपातीपूर्वी त्यास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक असू शकत नाही. वेतन संहिता, २०१९ मध्येही हीच तत्त्वे कायम आहेत. म्हणजेच प्रत्येक तूट आपोआप वेतनातून वळती करणे हे कायद्याला अभिप्रेत नाही. ती का पडली याची चौकशी आवश्यक आहे. कॅमेऱ्याचे चित्रण, वर्गीकरण यंत्राची नोंद आणि रद्द केलेल्या पावत्या ही अशा चौकशीतील मुख्य साधने होत. रोखपालावर नजर ठेवण्यासाठी बसवलेली हीच यंत्रणा त्याची बाजू सिद्ध करण्यासही उपयोगी पडते.

नोकरीची स्थिती

भारतात बहुसंख्य रोखपाल शासनाचे किंवा महामार्ग प्राधिकरणाचे कर्मचारी नसतात. रस्ता बांधणाऱ्या सवलतधारक कंपनीचे अथवा निविदेद्वारे ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या वसुली संस्थेचे ते नोकर असतात. संस्थेची मुदत संपून नवी संस्था आल्यावर जुन्या कर्मचाऱ्यांना कामावर ठेवले जाईलच अशी खात्री नसते. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० नुसार कंत्राटदाराने वेतन न दिल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ नियोक्त्यावर येत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत या अधिनियमाचा समावेश झाला आहे.

शैक्षणिक पात्रता म्हणून सामान्यतः शालेय शिक्षण, आकडेमोड आणि संगणकाचे प्राथमिक ज्ञान अपेक्षित असते. नाक्याच्या परिसरातील गावांतून भरती होणे सर्वत्र आढळते. त्यामुळे स्थानिकांना रोजगार मिळतो. मात्र ओळखीच्या माणसाकडूनही पथकर मागण्याचा अवघड प्रसंग रोखपालावर रोज येतो.

आरोग्य व सुरक्षितता

थांबून पुन्हा वेग घेणारी वाहने धूर अधिक सोडतात आणि रोखपाल नेमका तेथेच बसलेला असतो. या संदर्भातील महत्त्वाचा अभ्यास न्यू यॉर्क शहरातील पूल व बोगदा अधिकाऱ्यांचा आहे. १९५२ ते १९८१ या काळात नोकरी केलेल्या ५,५२९ अधिकाऱ्यांच्या नोंदी त्यात तपासण्यात आल्या व निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. बोगद्यांवर काम केलेल्यांत रक्तवाहिन्यांच्या काठिण्यामुळे होणाऱ्या हृदयविकाराने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा ३५ टक्के अधिक आढळले. पुलांवर काम करणाऱ्यांत अशी वाढ दिसली नाही. बोगद्यांतील वायुवीजन सुधारल्यानंतर हा धोका घटला. कार्बन मोनॉक्साइड हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले.

धुराचा परिणाम नाक्याच्या आसपास राहणाऱ्यांवरही होतो. अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक पथकर सुरू झाल्यावर नाक्यांपासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांमध्ये अकाली प्रसूती व कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण प्रत्येकी सुमारे एकदशांशाने घटल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

धुराखेरीज सततचा गोंगाट, उन्हाळ्यातील उष्णता, रात्रपाळीमुळे बिघडणारी झोप तसेच मनगट, खांदा व पाठ यांवर पडणारा ताण हे या कामाचे नेहमीचे त्रास होत. बदली माणूस आल्याशिवाय खिडकी सोडता येत नसल्याने पाणी पिणे व स्वच्छतागृहास जाणे लांबणीवर पडते.

शिवीगाळ व मारहाण हा दुसरा मोठा धोका आहे. दर, रस्त्याची अवस्था किंवा रांगेतील विलंब यांवर रोखपालाचे कोणतेही नियंत्रण नसते. तरीही त्या सर्वांबद्दलचा राग प्रथम खिडकीतील माणसावरच निघतो. दुसरीकडे, कर्मचाऱ्यांनीच प्रवाशांना मारहाण केल्याच्या घटनाही घडल्या आहेत. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार कर्मचाऱ्यांनी गणवेश व नावाची पट्टी वापरावी, वादाच्या प्रसंगी अंगावरील कॅमेऱ्याने चित्रण करावे, प्रक्षोभक भाषा व बळाचा वापर टाळावा आणि गरज पडल्यास पोलिसांची मदत घ्यावी, असे ठरले. राग आवरण्याचे प्रशिक्षणही त्यानंतर देण्यात येऊ लागले.

रोख व्यवहाराचा संकोच

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्यावर सुट्या पैशांची टंचाई इतकी तीव्र झाली की राष्ट्रीय महामार्गांवरील वसुली २ डिसेंबरपर्यंत थांबवावी लागली. कोविड-१९ च्या टाळेबंदीतही मार्च २०२० च्या अखेरीस वसुली बंद झाली व ती २० एप्रिलला पुन्हा सुरू झाली.

फास्टॅगची सुरुवात २०१४ मध्ये झाली. वाहनाच्या पुढील काचेवर चिकटवलेली पट्टी रेडिओ लहरींद्वारे वाचली जाते आणि रक्कम जोडलेल्या खात्यातून वळती होते. १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील सर्व मार्गिका फास्टॅगच्या झाल्या आणि फास्टॅग नसलेल्या वाहनांना दुप्पट शुल्क लागू झाले. केंद्र शासनाच्या माहितीनुसार २०१८-१९ मध्ये नाक्यांवर सरासरी आठ मिनिटे थांबावे लागे. २०२०-२१ मध्ये हा वेळ ४७ सेकंदांवर आला. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर वैध फास्टॅग नसलेल्या वाहनास यूपीआयने भरणा केल्यास सव्वापट व रोखीने केल्यास दुप्पट शुल्क लागू झाले.

या बदलाने रोखपालाचे काम संपले नाही, पण त्याचे स्वरूप पालटले. खात्यात शिल्लक नसणे, पट्टी काळ्या यादीत असणे, ती वाचली न जाणे किंवा एका वाहनाची पट्टी दुसऱ्या वाहनावर लावलेली असणे अशी प्रकरणे आता खिडकीवर येतात. पूर्वीच्या बहुसंख्य व्यवहारांत कोणताही वाद नसे. आता खिडकीशी थांबणाऱ्या वाहनांत दंडाच्या दराने पैसे भरावे लागणारे व म्हणून नाराज असणारे चालकच अधिक असतात. २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या अटल सेतूवर तर वाहने न थांबता पथकर आकारणारी पद्धत आहे.

महाराष्ट्रातील टोलविरोध व त्याचे परिणाम

महाराष्ट्रात पथकर हा दीर्घकाळ राजकीय वादाचा विषय राहिला आहे. कोल्हापूर शहरातील रस्ते प्रकल्पाच्या टोलविरोधात मोठे जनआंदोलन झाले. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील व गोविंद पानसरे हे त्याच्या अग्रभागी होते. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य शासनाने हा टोल रद्द केला. त्याच वर्षी १ जूनपासून राज्यातील १२ नाके बंद करण्यात आले आणि ५३ नाक्यांवर हलकी वाहने व एस. टी. बस यांना सूट देण्यात आली. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या दहिसर, ऐरोली, वाशी व मुलुंडमधील दोन अशा पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला.

आंदोलनांत अनेकदा नाक्यांची मोडतोड झाली. टोल आकारण्याचा निर्णय शासनाचा आणि महसूल सवलतधारकाचा असला, तरी हल्ल्याच्या वेळी कक्षात बसलेला असतो तो कंत्राटी रोखपाल. नाका बंद झाल्यावर वाहनचालकांचा खर्च वाचतो व सवलतधारकास करारानुसार भरपाईचा दावा करता येतो. कर्मचाऱ्याच्या वाट्याला मात्र नवीन काम शोधणे येते.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३७ मध्ये खुला झाल्यापासून तेथे पथकर घेणारी माणसे होती. २७ मार्च २०१३ रोजी ती पद्धत संपून संपूर्ण वसुली इलेक्ट्रॉनिक झाली. मॅसॅच्युसेट्स टर्नपाइकवर हा बदल ऑक्टोबर २०१६ मध्ये झाला. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकने जून २०२० मध्ये रोख वसुली कायमची बंद केली व सुमारे ५०० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. इंग्लंडमधील डार्टफर्ड येथील टेम्स नदीवरील मार्गावर नोव्हेंबर २०१४ पासून थांबण्याची गरज उरली नाही. इंग्लंड व वेल्सला जोडणाऱ्या सेव्हर्न पुलांवर तर डिसेंबर २०१८ मध्ये पथकरच रद्द झाला.

इंडोनेशियाने ऑक्टोबर २०१७ अखेर टोल रस्त्यांवर रोख रक्कम घेणे बंद केले. चीनने १ जानेवारी २०२० पासून द्रुतगती मार्गांवरील प्रांतसीमांवरचे ४८७ नाके हटवले. या सर्व ठिकाणी वाहतूक सुलभ झाली, पण कमी मोबदल्याच्या या कामात वर्षे घालवलेल्यांना दुसऱ्या कामासाठी तयार करण्याचा प्रश्न उभा राहिला. काही ठिकाणी त्यांना ग्राहक सेवा, चित्रफीत तपासणी व थकबाकी वसुली या विभागांत सामावून घेण्यात आले.

हे सुद्धा पहा

• पथकर
• फास्टॅग
• जकात
• नाणेघाट
• मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग
• महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ
• भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण